सासरचें नांव

माझ्या नऊ वर्षांच्या नातवानें मला एकदां चांगलेंच पेंचांत धरलें. लेकीकडे बोलोन्यास जाऊन मला पंधरा दिवस झाले होते. रात्रीं निजतांना गोष्ट सांगावयाची ही आजीपणाची चाकरी तेथेंही चुकली नव्हती. रामायण झालें, महाभारतांतलीं युद्धें झालीं, आणि मग आम्ही दोघें राजा आर्थरच्या दरबारांत शिरलों. तीस वर्षें मीं कॉलेजांत फ्रेंच शिकविलें. त्या दरबारांतल्या वीरांचीं नांवें माझ्या तोंडीं फ्रेंच वळणानेंच यावयाचीं. "मग लांस्लोनें घोड्याला टांच मारली," असें मी म्हणतें तोंच चिरंजीव उठून बसले. "लांस्लो कोण?" मीं ओळख पटवून दिली. तळ्यांतल्या परीनें वाढविलेला, गोल मेजाभोंवतीं बसणाऱ्या वीरांत सर्वांत शूर. "मग त्याचें नांव लान्चिल्लोत्तो! आजी, तूं चुकीचें नांव सांगतेस." मूळ गोष्ट फ्रेंचांत लिहिलेली आहे, तेव्हां माझेंच नांव खरें, असें मीं जरा शिक्षिकेच्या आवाजांत बजावलें. त्यावर त्यानें विचारलें, "पण तो राजा इंग्रजांच्या देशांतला होता ना? मग त्याची आई त्याला काय म्हणत असे?"

ह्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. दुसऱ्या दिवशीं मुलगा शाळेस गेल्यावर मीं एका बाजूस फ्रेंच पुस्तक व दुसऱ्या बाजूस इटालियन पुस्तक उघडून ठेवलें, आणि हीं नांवें एका भाषेंतून दुसरींत जातांना त्यांचें काय झालें तें पाहावयास बसलें. वेळ घालविण्यासाठीं आरंभिलेलें हें काम पुढें माझ्या फारच जवळ येऊन ठेपेल असें तेव्हां वाटलें नव्हतें.

ह्यांतलीं बरींचशीं नांवें मुळांत वेल्स आणि ब्रिटनी ह्या प्रांतांतल्या लोकांचीं. बाराव्या शतकांत क्रेतियँ द त्र्वा ह्या कवीनें तीं फ्रेंच काव्यांत मिरविलीं, आणि तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत लांस्लोची प्रचंड गद्य कथा तयार झाली. इटलींतल्या सुशिक्षितांनीं ह्या कथा पुष्कळ काळ फ्रेंचांतच वाचल्या. १२९८ सालीं जेनोव्याच्या तुरुंगांत मार्को पोलोचा प्रवास ज्यानें लिहून काढला, त्या पिसाच्या रुस्तिकेल्लोनें आर्थरच्या कथांचा एक संग्रह केला आहे. तो इटालियन माणूस, पण ग्रंथ फ्रेंच! तेराव्या शतकाच्या अखेरीस तोस्कान बोलींत त्रिस्तानची गोष्ट उतरली. तिची एक जुनी पोथी फ्लोरेन्सच्या रिक्कार्दियाना ग्रंथालयांत आहे. पुढल्या शतकांत 'ताव्होला रितोन्दा', म्हणजे 'गोल मेज', हा मोठा ग्रंथ झाला. लांस्लोच्या गद्य कथेच्या जुन्या तोस्कान भाषांतराचा एक भाग तर अगदीं अलीकडे हातीं लागला, आणि २०१६ सालीं छापून निघाला.

आतां ह्या भाषांतरकारांपुढें पहिली अडचण कोणती, तर इटालियन जिभेची. शब्द व्यंजनावर संपला कीं त्या जिभेला घास अर्धवट राहिल्यासारखें वाटतें. म्हणून त्रिस्तानचा त्रिस्तानो झाला, मेर्लँचा मेर्लिनो, आणि इझो नांवाच्या राजकन्येची इझोत्ता. लांस्लोच्या शेवटीं फ्रेंच लोक 'त' लिहितात. इटालियन लोकांनीं तो दुप्पट करून वर 'ओ' चढविला. 'ओत्तो' हा त्यांच्या भाषेंतला घरगुती प्रत्यय. धष्टपुष्ट तरण्या पोराला 'जोव्हानोत्तो' म्हणतात, त्याच पंगतींत हा वीर जाऊन बसला. दांते कवीनें त्याला 'लान्चालोत्तो' असें लिहिलें आहे, आणि त्यांत 'लान्चा', म्हणजे भाला, स्पष्ट ऐकूं येतो. फ्रेंचांतही तो ऐकूं येतो म्हणा. पण इटालियन नांव उच्चारतांना भाल्याचें टोंक अधिक लकाकतें.

राजाच्या नांवाची गंमत निराळी आहे, आणि ती मराठी माणसाला चटकन् समजेल. जुन्या फ्रेंचांत नामाला दोन रूपें असत. राजा कर्ता असेल तेव्हां 'आर्तुस', एरवीं 'आर्तु'. इटालियनांत आलें तें दुसरें रूप, आणि शेवटच्या स्वरावर जोर घेऊन तें 'आर्तू' झालें. म्हणजे आपल्याकडे एकाद्या परदेशी पाहुण्यानें 'रामाला बोलवा', 'रामाचें पुस्तक' असें ऐकून घरच्या रामचंद्राचें नांव 'रामा' ठरवावें, तसाच हा प्रकार. आपल्या कानाला 'रामा' म्हटलें कीं राजा दिसत नाहीं, रामागडी दिसतो. इटालियन राजाचें दैव बलवत्तर! त्या भाषेंत 'विर्तू' म्हणजे सद्गुण आणि 'जेझू' म्हणजे येशू. शेवटीं जोर येणाऱ्या शब्दांत त्याला अशी सत्संगति लाभली.

कोणत्या नांवाला कोणतें गणगोत मिळेल हें भाषांतरकाराच्या हातीं नसतें, हें मला येथें प्रथम जाणवलें. त्याच्या कानाला मात्र सावध राहावें लागतें. वेल्सकडे 'मिर्धिन' नांवाचा भविष्य सांगणारा कवि होता. १२ व्या शतकांत मन्मथच्या जेफ्रीनें लॅटिन इतिहास लिहितांना त्याला 'मेर्लिनुस' केलें. मूळ नांवाला लॅटिन शेपूट जोडलें असतें तर फ्रेंच वाचकांच्या कानाला चारचौघांत न उच्चारण्यासारखा एक शब्द ऐकूं आला असता, म्हणून त्यानें अक्षर बदललें, असा कांहीं पंडितांचा तर्क आहे. तर्क खरा असो वा नसो, असें भान ठेवणारा माणूस मला आवडतो.

राणीला फ्रेंचांत गनिएव्र म्हणतात, इटालियनांत जिनेव्रा. जिनेव्हा शहरालाही इटालियन लोक जिनेव्राच म्हणतात, त्यामुळें मिलानच्या स्टेशनावर गाडीच्या पाटीवर राणीचें नांव पाहून मी क्षणभर थबकलें होतें. शिवाय त्या भाषेंत 'जिनेप्रो' म्हणजे जुनिपर, एक सदाहरित कांटेरी झुडूप. लेओनार्दो दा विंचीनें तरुणपणीं फ्लोरेन्सच्या एका जिनेव्राचें चित्र काढलें आहे. तें सध्यां वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहांत असतें. त्या फिकट चेहऱ्यामागें त्यानें जुनिपरचें गर्द झुडूप रंगविलें आहे. नांवावरचा श्लेष त्यानें कुंचल्यानें केला! ब्रिटनच्या राणीचें नांव, फ्रेंचांतून आलेलें, आणि त्याला फ्लोरेन्समध्यें पानें फुटलीं.

हें सारें भाषांतरकारांनींच केलें असें मात्र समजूं नये. बोलोन्यापासून आगगाडीनें थोड्याच वेळांत मोदेना लागतें. लेकीनें मला तेथील कॅथीड्रल दाखविण्यास नेलें. त्याच्या उत्तरेकडच्या दरवाजाला 'मासळीबाजाराचा दरवाजा' म्हणतात. त्याच्या कमानीवर एक किल्ला कोरला आहे. आंत कैदेंत पडलेली एक स्त्री, आणि दोहों बाजूंनीं घोडेस्वार चालून येत आहेत. बहुतेकांच्या डोक्यावर त्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. हें काम बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतलें, म्हणजे क्रेतियँच्याही आधींचें, असें बहुतेक जाणकार मानतात. एक स्वार 'ब्रिटनचा आर्तुस'. कैदेंतली स्त्री 'विन्लोगी'. हें राणीचेंच नांव, पण ब्रिटनीच्या वळणाचें. म्हणजे पुस्तकें येण्यापूर्वीं भाटांच्या नाहींतर यात्रेकरूंच्या तोंडून हीं नांवें आल्प्स ओलांडून आलीं होतीं. के नांवाच्या सरदाराच्या डोक्यावर लिहिलें आहे 'के'. आतां 'के' म्हणजे इटालियनांत 'कीं', 'जो', 'काय'; दर ओळींत दोनदां येणारा शब्द. दगडावर तें शोभून गेलें. गद्यांत 'के म्हणाला के' असें किती वेळां लिहिणार?

त्याच कमानीवर 'गाल्वाजिन' नांवाचा एक वीर आहे. फ्रेंचांत ह्याला गोवँ म्हणतात; मधला 'ल' फ्रेंच भाषेनें केव्हांच गिळला होता. इटालियनांत तो 'गाल्वानो' झाला, आणि गिळलेला 'ल' पुन्हां जागेवर दिसूं लागला. ह्या नांवाचीं खरींखुरीं मुलें इटलींत झालीं, त्यांच्या नांवांवरून आडनांवें पडलीं. १७३७ सालीं बोलोन्यांत जन्मलेल्या व बेडकाच्या तंगडीवर विजेचे प्रयोग करणाऱ्या लुइजी गाल्वानीचें आडनांवही त्याच कुळांतलें असें पुष्कळ अभ्यासक मानतात. त्याच्या नांवावरून 'गॅल्व्हनाइझ' हा शब्द आला. आमच्या न्हाणीघरांत वर्षानुवर्षें वाजत आलेली पत्र्याची बादली आर्थरच्या भाच्याच्या गोत्रांतली निघावी, ह्याचें मला फारच हंसूं आलें. नातवाला तें पटेना. त्यानें तोंडावर मारलेला पुरावा मात्र याहून भारी होता. १९६३ च्या एका अमेरिकन व्यंगचित्रपटांत लहानग्या आर्थरला 'चामखीळ' म्हणून हांक मारतात. फ्रेंच लोकांनीं तेथें 'डास' केलें, आणि इटालियन लोकांनीं 'सेमोला', म्हणजे रवा. लेकीच्या फडताळांत उपम्याच्या डब्यावर हाच शब्द होता. "आजी, आपण राजाचा उपमा खातों!"

त्रिस्तानचें थोडक्यांत सांगतें. जन्मतांच आई गेली म्हणून ह्या मुलाच्या नांवांत फ्रेंच 'त्रिस्त', म्हणजे दुःखी, हा शब्द ऐकतात. इटालियनांत 'त्रिस्तो' दुःखीही असतो आणि दुष्टही. वेष पालटून तो राणीकडे जातो तेव्हां नांव उलटें करून 'तान्त्रिस' सांगतो. त्रिस्तानो उलटा केला तर 'तानोत्रिस' होईल, आणि शेवटीं पुन्हां व्यंजनच! भाषांतरकारानें डोक्याला हात लावला असेल.

पण ज्याच्यासाठीं मी हें लिहावयास घेतलें तो माणूस वेगळाच आहे. लांस्लोच्या गद्य कथेंत एक राजपुत्र येतो. त्याच्या नांवांत मध्यें 'ह' आणि शेवटीं 'त' लिहितात, पण आजचे फ्रेंच लोक दोन्ही उच्चारीत नाहींत. ऐकूं येतें तें 'गालओ'. हा एका राक्षसकुळांतल्या सुंदर स्त्रीचा मुलगा, दूरच्या बेटांचा धनी, पुष्कळ राजे जिंकलेला. तो आर्थरवर चालून येतो. विजय हातातोंडाशीं आलेला असतो. पण आर्थरच्या बाजूनें लढणारा काळ्या चिलखतांतला एक अनोळखी वीर पाहून त्याचें मन असें जडतें कीं, त्या वीराच्या एका शब्दाखातर तो जिंकलेली लढाई टाकून आर्थरपुढें गुडघे टेकतो. तो वीर म्हणजे लांस्लो. पुढें मित्र राणीसाठीं झुरतो आहे हें ओळखून गालओच दोघांची भेट घडवून आणतो. तेथेंच तें पहिलें चुंबन होतें. मग एक दिवस लांस्लो मेल्याची खोटी बातमी येते, आणि गालओ अन्न सोडून देतो व मरतो. अखेर लांस्लोचा काळ येतो तेव्हां त्याला पुरतात तें राणीशेजारीं नव्हे. ह्या मित्राच्या शेजारीं.

इटालियन लोकांनीं त्याचा 'गालेओत्तो' केला. नियमाप्रमाणें तें अगदीं बिनचूक आहे. मात्र 'गालेआ' म्हणजे वल्ह्यांचें गलबत, आणि तें वल्हविणारा तोही 'गालेओत्तो'. हा शब्द भाषेंत आधींपासून होता. दांतेनेंच आपल्या महाकाव्यांत नावाड्याला तो दोन ठिकाणीं लाविला आहे. पुढें गलबतांवर कैद्यांना साखळ्या घालून वल्हवावयास लावूं लागले, आणि गालेओत्तो म्हणजे सजा भोगणारा कैदी झाला. दूरच्या बेटांच्या राजाला हें असलें सोयरें मिळालें! मूळ नांव तसेंच राहतें, तर ही सोयरीक जुळलीच नसती.

ह्याहून मोठा घाव दांतेचा. नरकखंडाच्या पांचव्या सर्गांत रिमिनीची फ्रान्चेस्का भेटते. मालातेस्ता घराण्यांत दिलेली ही सून. दीर पाओलो ह्याच्यासह लांस्लोची गोष्ट वाचतांना दोघांचाही तोल गेला, आणि पतीनें दोघांना ठार केलें. आपल्या अनर्थाचा दलाल कोण हें सांगतांना ती त्या पुस्तकावर ह्या राजपुत्राचें नांव ठेवते. झालें! दांतेच्या तोंडून निघालेला शब्द. त्यावर अपील कोठें करावयाचें? बोक्काच्चोनें आपल्या 'देकामेरोन'ला 'राजपुत्र गालेओत्तो' हें दुसरें नांव दिलें, त्यांत निदान राजपुत्रपण तरी शिल्लक आहे. आजच्या कोशांत उघडून पाहावें तर प्रेमप्रकरणांतला मध्यस्थ, एवढाच अर्थ. मित्रासाठीं टाकलेलें राज्य नाहीं, उपास नाहीं, थडगें नाहीं.

आणि ज्या घराण्यांत हें घडलें त्याच मालातेस्तांकडे १२९९ च्या सुमारास एक मुलगा जन्मला. पाओलोच्या भावाचा मुलगा, म्हणजे त्याचा पुतण्या. त्याचें नांव ठेवलें गालेओत्तो. पुढें तो रिमिनीचा धनी झाला. दांतेचें काव्य तेव्हां लिहिलें गेलें नव्हतें. त्या घरानें हें नांव पाळण्यांत घातलें तें थोर राजपुत्राचें म्हणूनच. म्हणजे निष्कलंक रूपांतच तें नांव एकेकाळीं इटलींत राहत होतें. कलंक मागून आला. ही तारीख वाचून मी पुस्तक मिटलें आणि बराच वेळ खिडकीशीं बसून राहिलें.

आमच्या घरांतही एक नांव असेंच बाटलें होतें. माझी थोरली काकू लग्न होऊन आली तेव्हां रीतीप्रमाणें ताटांत तांदूळ पसरून काकांनीं अंगठीनें तिचें नवें नांव लिहिलें. पुढें, माझ्या जन्माच्या आधीं, माझ्या आत्यानें पोटजातीबाहेरच्या एका तरुणाशीं मुंबईस जाऊन लग्न केलें. देवळांत न्यावयाच्या फुलांच्या परडींतून दोघांच्या चिठ्ठ्या काकूनें पोंचविल्या होत्या, हें मागून उघडकीस आलें. काकूला कोणी घराबाहेर काढलें नाहीं, अंगावर हात टाकला नाहीं. फक्त तिचें नांव शब्द होऊन बसलें. आमच्या वाड्यांत कोणी इकडचें तिकडे केलें, चहाडी केली, मधल्यामध्यें घोळ घातला, कीं त्याला काकूचें नांव घेऊन हिणवीत. आम्हां मुलांना त्यामागची हकीकत ठाऊक नव्हती. आम्हांला वाटे, काकूचें नांव निराळें आणि तो शब्द निराळा. मी आठ-नऊ वर्षांची असेन. धाकट्या भावानें आईजवळ माझी कागाळी केली, तेव्हां माजघरांत उभी राहून मीं त्याला तो शब्द मोठ्यानें ठेवून दिला. काकू तेथेंच सुपांत तांदूळ निवडीत होती. तिचा हात थांबला नाहीं. खडे वेंचून तिनें एका बाजूस ठेवले, सूप पाखडलें, आणि उठून गेली. तें नांव मी येथें लिहीत नाहीं. लिहिलें तर पुन्हां तेंच होईल.

आत्या म्हातारपणीं माहेरीं येऊन राहूं लागली तेव्हां तिनें मला सांगितलें कीं, गिरगांवांत बिऱ्हाड मांडावयास पैसे नव्हते म्हणून काकूनें आपल्या पाटल्याही त्याच परडींतून पाठविल्या होत्या. काकांना त्या हरवल्या असें सांगितलें. तोपर्यंत काकू जाऊन सहा वर्षें झालीं होतीं.

त्या रात्रीं नातवाला गालओची गोष्ट सांगावयाची होती. मीं चांचरत, परीक्षा पाहण्यासाठीं म्हणून, प्रथम इटालियन नांव घेतलें. तो खुदकन् हंसला. "गालेओत्तो? म्हणजे तुरुंगांतला माणूस ना? तो चोर होता?" मीं म्हटलें, "नाहीं रे. मीं चुकीचें नांव सांगितलें. त्याचें नांव गालओ." आणि जिंकलेली लढाई त्यानें कशी टाकली तेथून गोष्ट सुरू केली. लान्चिल्लोत्तो मात्र लान्चिल्लोत्तोच ठेवला. नातवाचा मान होता, आणि त्या नांवाचें सासरीं चांगलें चाललें आहे. भाषांतराच्या शिस्तीनें पाहतां एकाच कथेंत एक नांव इटालियन व एक फ्रेंच हें अशुद्ध होय. माझ्या विद्यार्थिनींनीं असें केलें असतें तर मीं गुण कापले असते.

पुण्यास परत आल्यावर मीं काकूचें माहेरचें नांव काय होतें ह्याची चौकशी सुरू केली. चुलत भावांना ठाऊक नव्हतें. तिच्या माहेरीं आतां कोणी उरलेलें नाहीं. आत्याही गेली आहे. कोणालाच सांगतां येईना. शेवटीं वाडा पाडावयाच्या आधीं माळ्यावरून उतरविलेल्या भांड्यांत एक पितळी डबा मिळाला. तिच्या आईवडिलांनीं रुखवतांत दिलेला असावा. चिंच लावून घासला, तेव्हां झांकणाच्या कडेनें अक्षरें वर आलीं. दोनच अक्षरांचें नांव, पुढें वडिलांचें नांव, गांव आणि शके. डबा मीं स्वयंपाकघरांत ओट्याशेजारीं ठेवला आहे. त्यांत तांदूळ असतात.